धाकटी बहीण आता मुलगा म्हणून राहणार म्हणते, घरातली नाती टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की बहीण हार्मोन्स सुरू करणार आहे, आई धड जेवत नाही, तुमच्या लग्नाचं बघणं चालू आहे आणि आता घराचं काय होणार. मी सोलापूरचा, ट्रान्स पुरुष (म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंदलेला, पण पुरुष), आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहितोय. टिकतात ओ नाती. सगळी नाही, पण बरीचशी टिकतात, आणि जी जातात ती आपण धरून चाललेलो असतो ती नसतातच.

माझ्या बघण्यात भांडणाने फार काही तुटत नाही. वडलांनी ताट भिरकावलं, आईने बोलणं टाकलं, ते महिन्यांनी का होईना निवळलं. खरी वाट लागली ती लोकांना काय सांगायचं हे घरात ठरलंच नव्हतं म्हणून. आई सांगायची पुण्याला जॉब लागलाय, वडील सांगायचे तब्येत बरी नाही, दादा विषयच बदलायचा, आणि मी होटगी रोडला घरातच बसलेलो. एक दिवस मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन दारात, कुठल्या दवाखान्यात ठेवलंय म्हणून विचारत, आणि दार उघडलं कोणी तर मी. मावशीला माझ्या बदलण्याचा राग नव्हता, आपल्याला खोटं सांगितलं याचा होता, आणि तो अजून गेलेला नाही.

हे आधी ठरवा असं म्हणतोय त्याला कारण आहे. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सुरू झालं की साधारण तिसऱ्या चौथ्या महिन्यापासून आवाज फुटायला लागतो, पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत थांबते, दाढी मात्र निवांत येते, नीट भरायला चार पाच वर्षं पण जातात. बाकीचं कपड्यात झाकता येतं, आवाज नाही झाकता येत, आणि औषध बंद केलं तरी तो परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे फोनवर आत्याने 'कोण बोलतंय' विचारायच्या आत तिला घरच्याच कोणाकडून कळलेलं बरं. कोणाला सांगायचं, कोण सांगणार, कोणाला अजिबात सांगायचं नाही, ही यादी तुमच्या भावाला (मी भाऊच म्हणतो) विचारूनच करा, त्याच्या माघारी नको. आणि पहिल्या वर्षी दर तीन एक महिन्यांनी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन फार वर जात नाही ना ते बघायला, तेव्हा सोबत जा, दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या बरंच बोलणं होतं.

आता तुमच्या लग्नाचं. आमचा दादा सगळ्यात आधी म्हणला होता, 'अबे टेन्शन नको घेऊ, मी आहे की', आणि त्याचं बघायला लागले तसा तोच सगळ्यात लांब गेला. पाहुणे येणार असले की मला मित्राकडे पाठवायचे. बायोडेटात भावंडांच्या जागी काय लिहायचं यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या ऑपरेशनवरून पण नाही झाली. शेवटी 'एक लहान भाऊ' असं लिहिलं, आणि स्थळ पुढे सरकलं की सुपारीच्या आधी दादा स्वतः जाऊन सांगायचा. एक स्थळ परत गेलं, खोटं कशाला बोलू. वहिनीच्या वडलांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं की धाकट्याला काय व्यसन वगैरे नाही ना.

आजीचं वेगळंच होतं. आमच्याकडे कर्नाटक जवळ, तिने लहानपणापासून सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते बघितलेले, तिला वाटलं आता ह्याला देवाला सोडावं लागणार, परडी घेऊन हिंडणार. तसं काही नाही, मी ऑफिसलाच जाणार, हे कळल्यावर तिचा प्रश्न मिटला. काकांचं मात्र 'पुण्याला नेऊन बरं करून आणू' चालू होतं. तुमच्याकडे पण असा एखादा काका निघेलच, त्याला सांगा, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 ला हे मानसिक आजारांच्या यादीतून काढलंय, आणि असं 'बरं करून देतो' म्हणणारा डॉक्टर 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी गैरवर्तन करत असतो. आईसाठी मुंबईचा स्वीकार नावाचा पालकांचा ग्रुप आहे, माझी आई माझ्याशी बोलली नाही एवढं तिथल्या एका आईशी बोलली.

माझं नातं एकच कायमचं गेलं, गर्लफ्रेंडचं. तिला मुली आवडतात आणि मी मुलगी नव्हतो, यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. वाईट वाटलं, अजूनही वाटतं कधी कधी. तुमच्या भावाला कोणी असेल तर त्या दोघांच्या मध्ये घरच्यांनी पडू नये असं माझं मत.

आईला त्याच्या लग्नाची काळजी असेल तर 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हणलंय की ट्रान्स पुरुष आणि बाई, किंवा ट्रान्स बाई आणि पुरुष, आत्ताच्याच कायद्यांखाली लग्न करू शकतात. मी 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करून कलेक्टरचं ओळखीचं सर्टिफिकेट घेतलं, मग आधार, पॅन बदललं. नियम बदलत असतात, अर्ज करताना आत्ताचे काय आहेत ते बघूनच करा.

भाऊबीजेला आता आत्याची मुलगी दादाला आणि मला दोघांना ओवाळते. वडील अजून चुकून जुन्या नावाने हाक मारतात, मी ओ देतो, मला चालतं. तुमच्या भावाला नाही चालणार कदाचित, ते त्यालाच विचारा, आणि आजच विचारा, लग्नाच्या गडबडीत राहून जातं.