जुना कॉम्प्युटर, कोणता ब्राउझर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी विंडोज १० बद्दल नव्हतीच, ती होती विंडोज ७ आणि एक्सपी बद्दल. म्हणजे आपल्याकडे घरात, शाळेत, दुकानात रोज कोणत्या मशीन चालतात ते कळलं. त्यातली पाच पत्रं या वेळी घेतोय.

प्रश्न: सर, मी जिंतूर तालुक्यातल्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडे देणगीत आलेले ८ कॉम्प्युटर आहेत, ड्युअल कोर, २ जीबी रॅम, विंडोज ७. क्रोम उघडलं की निस्तं गोल फिरायलंय, पोरं कंटाळून उठून जातात. नेट म्हणजे माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. ऑपेरा टाकून बघितला, चार दिवस बरा चालला मग तेच. एखादा लई हलका ब्राउझर सांगा.

उत्तर: सर, ऑपेरा चार दिवस का चालला ते आधी सांगतो. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे क्रोमियम नावाच्या एकाच खुल्या कोडवर उभे आहेत, इंजिन एकच, वरची बॉडी वेगळी. नवीन टाकला की त्यात हिस्ट्री नसते, एक्स्टेंशन नसतात म्हणून हलका वाटतो, वापर वाढला की परत जडच. नाव बदलून फारसा फरक पडत नाही कारण खरं वजन असतं पेजमधे. बातमीचं एखादं पान उघडा, बातमी असते दोन परिच्छेद आणि तिच्या भोवती जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, तुमचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट, हे सगळं तुमच्या ड्युअल कोरला ओढावं लागतं. बैल म्हातारा आहे हे मान्य, पण गाडीत दगड किती भरलेत ते पण बघायला पाहिजे ना.

म्हणून माझं सांगणं असं की आधी फायरफॉक्स ११५ ईएसआर (म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) टाका आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका, दुसरं काहीच टाकू नका. विंडोज ७ वर चालणारं फायरफॉक्सचं हे शेवटचं व्हर्जन, जुलै २०२३ मधलं. क्रोम तर त्याच्याही आधी थांबलं, १०९ हे विंडोज ७ साठी शेवटचं, फेब्रुवारी २०२३ ला ११० आलं त्याला विंडोज १० लागतं. फरक असा की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं ११५ ला सिक्युरिटी पॅच देणं नंतरही चालू ठेवलं, मुदत एकदा नाही अनेकदा पुढे ढकलली. ती कायमची मात्र नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा हेल्पमधे जाऊन अबाउट फायरफॉक्स उघडायचं आणि अपडेट येतंय का बघायचं. आणि कुणी पेन ड्राइव्हवरून जुनं ११५ टाकून दिलं असेल तर ते ११५.१३ च्या आधीचं नाही ना ते तपासा, कारण मोझिलाचं एक सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं आणि ११५.१३ च्या आधीच्या व्हर्जनमधली एक्स्टेंशन बंद पडायला लागली. मला त्या काळात दोन-तीन जणांचे फोन आले, जाहिराती अचानक दिसायल्यात म्हणून, सगळ्यांचं कारण हेच निघालं.

पेल मून पण ट्राय करू शकता, २००९ पासून चालू आहे, त्याचं इंजिन वेगळं आहे, गोआना नावाचं. तो सगळं एकाच प्रोसेसमधे चालवतो म्हणून रॅम कमी खातो, पण त्यामुळेच एक टॅब अडकला की सगळा ब्राउझर अडकतो, आणि नवीन साइट त्यात मोडक्यातोडक्या दिसतात. पोरांना नुसतं वाचायला चालेल, फॉर्म भरायला नको.

आता सर तुमच्या पत्रात मला जे खरं महत्वाचं वाटलं ते वेगळंच आहे, आठ मशीन आणि एक हॉटस्पॉट. कोणताही ब्राउझर टाका, एका मोबाइलच्या नेटवर आठ पोरं एकदम बसली की ते रडणारच. त्यासाठी किविक्स बघा. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, अख्खा विकिपीडिया एका फाइलमधे डाउनलोड करून नेटशिवाय वाचता येतो, मराठी विकिपीडियाची फाइल पण मिळते. तुम्ही जिल्ह्याच्या गावी जाल तेव्हा चांगलं नेट बघून एकदा फाइल उतरवून आणायची, आठातल्या त्यातल्या त्यात चांगल्या एका मशीनवर ठेवायची, त्यावर किविक्सचा सर्व्हर चालू करायचा आणि बाकीच्या सात मशीन लॅनच्या वायरीनं जोडून साध्या ब्राउझरमधे तोच उघडायचा. हॉटस्पॉट बंद असला तरी चालतं. पानात जाहिरात नाही, व्हिडिओ नाही, नुसता मजकूर आणि चित्रं, मग २ जीबी रॅम पण पुरते. पोरांनी गोदावरी शोधली, वेरूळ शोधलं, पान लगेच उघडलं की ती जागची उठत नाहीत.

अजून एक, तुमच्या मशीनवर बहुतेक ३२ बिटचं विंडोज असणार कारण २ जीबीवाल्यांवर सगळे तेच टाकायचे, पण ड्युअल कोर आणि कोअर टू ड्युओ हे प्रोसेसर बहुतेक ६४ बिटचे असतात. म्हणजे त्यावर विंडोजच्या जागी ६४ बिटचं लिनक्स मिंट एक्सएफसीई ही फुकट, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम चालू शकते, आणि त्यात आजचा ताजा फायरफॉक्स मिळतो, ११५ वर अडकून बसायची गरज नाही. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम सांगितलीय, ४ असली तर बरं. आधी एकाच मशीनवर पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता चालतं. पटलं तर मग पुढचं. आणि जमलं तर एखाद्या मशीनची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून बघा, ब्राउझर उघडायला जो वेळ लागायलाय त्यातला बराच तिथंच जातो.

प्रश्न: सेनगाव, जि. हिंगोली. कोणतीबी साइट उघडली की "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. ब्राउझर तीन वेळा बदलला. आमच्याकडं लाइट सारखी जाते त्यानं काही बिघडलं असेल का?

उत्तर: दादा, लाइटचाच संबंध आहे पण बिघडलं काही नाही. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात तारीख बघा, २००९ किंवा असंच काहीतरी जुनं साल दिसेल. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, तुमच्या मशीनला वाटतं ती तारीख अजून आलीच नाही, म्हणून ते नको म्हणतं. घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो, कॅबिनेटची वायर काढून बदला, तारीख लावा. ती वॉर्निंग आली की अ‍ॅडव्हान्सवर क्लिक करून पुढं जायची सवय मात्र लावून घेऊ नका, एखाद्या दिवशी ती खरी असेल.

प्रश्न: गेवराईजवळ माझं छोटं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. विंडोज ७, क्रोम १०९. पीकविम्याच्या आणि स्कॉलरशिपच्या सीझनला गर्दी असते आणि नेमकं तेव्हाच साइट म्हणती ब्राउझर अपडेट करा. कुणीतरी सुपरमियम सांगितलंय, टाकू का? नवीन मशीन घ्यायची सध्या ताकद नाही.

उत्तर: ताई, तुमची अडचण मला समजते, आणि तुम्हाला घाईत "टाका" म्हणणं सोपं आहे पण तसं म्हणत नाही.

सुपरमियम खरंच चालतं. क्रोमियमचा नवा कोड घेऊन तो विंडोज एक्सपी, व्हिस्टा, ७ वर चालेल असा करून देतात, त्यामुळे "अपडेट करा" म्हणणाऱ्या बऱ्याच साइट त्यात उघडतात. हे लोक आवडीनं एवढं अवघड काम करतात त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच्या मागे मोठी कंपनी नाही, क्रोममधे भोक सापडलं की ते सुपरमियममधे बुजायला जास्त वेळ लागू शकतो. आणि ब्राउझर कितीही नवा असला तरी खालच्या विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला सोडलंय. दार नवीन बसवलं, भिंत जुनीच.

घरी स्वतःसाठी वापरत असता तर मी एवढं ताणलं नसतं. पण तुमच्याकडे माणूस येतो तो आधार, पासबुक, ओटीपी सगळं तुमच्या भरवशावर टेबलावर ठेवतो, त्याला विंडोज ७ म्हणजे काय ते माहीत नाही. म्हणून माझं मत असं, सीझनपुरतं फायरफॉक्स ११५ मधे काम होतं का आधी बघा, पॅच येत असतील तर सध्या तोच जास्त भरवशाचा. एखादी साइट त्यात उघडलीच नाही तर तेवढ्यापुरतं सुपरमियम, आणि ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, सर्चमधे वर जाहिरातीत दिसणाऱ्या "फ्री डाउनलोड" वरून नाही, तिथल्या सेटअपमधे दुसरंच काहीतरी घुसवलेलं असू शकतं. कोणत्याच ब्राउझरमधे गिऱ्हाइकाचा पासवर्ड सेव्ह करू नका, प्रत्येक माणसाचं काम प्रायव्हेट विंडोमधे करा आणि झालं की ती बंद करा, डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी रिकामं करा. त्या फोल्डरमधे दोन-दोन वर्षांचे आधार पडलेले मी दुकानादुकानांत बघितलेत, ते बघून जीव घाबरतो.

पैशाचे व्यवहार मात्र या मशीनवर नकोत, ते तुमच्या मोबाइलवर करा. लिनक्स तुम्हाला लगेच सांगत नाही कारण थंब मशीनचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही. सीझनचे पैसे हातात आले की विंडोज ११ चालेल अशी एक सेकंडहँड मशीन बघा, इंटेलची आठव्या पिढीची किंवा त्यापुढची.

प्रश्न: उदगीरला डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, बॅनर, हँडबिल. एक्सपी आणि पेजमेकर, जुने फॉन्ट, सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावा लागणारा लॉकचा डोंगल पण त्याच मशीनला चालतो, म्हणून बदलता येत नाही. त्याच्यावर मेल उघडायला कोणता ब्राउझर टाकू?

उत्तर: भाऊ, नावं हवी असतील तर आहेत, मायपाल ६८ आहे, तो फायरफॉक्स ६८ वरून एक्सपीसाठी केलेला, के-मेलियन आहे, वर सांगितलेलं सुपरमियम पण एक्सपीवर चालतं. मूळ फायरफॉक्सचं एक्सपीवरचं शेवटचं व्हर्जन ५२ ईएसआर, क्रोमचं ४९, ते दोन्ही आता टाकायच्या लायकीचे राहिले नाहीत. मशीन फारच जुनं असेल तर प्रोसेसरमधे एसएसई २ ही ब्राउझरला लागणारी सोय आहे का ते बघावं लागतं, पेंटियम ४ मधे असतं, त्याच्या आधीच्यात नसतं.

पण तुमच्या मशीनला मी नेटची वायर लावूच देणार नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्या मशीनमधे तुमची इतक्या वर्षांची डिझाइनं आहेत, फॉन्ट आहेत, ज्यावर घर चालतं ते सगळं आहे, मेलमधून एक चुकीची फाइल आली आणि सगळं लॉक झालं तर तो डोंगल काय कामाचा? मेल मोबाइलवर उघडा, गिऱ्हाइकाचा फोटो आणि मजकूर तिथं घ्या, मग पेन ड्राइव्हनं एक्सपीवर न्या. त्या मशीनचा ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप सुरू होणं) बंद करा आणि तो पेन ड्राइव्ह फक्त या कामालाच ठेवा, झेरॉक्सच्या दुकानात फिरवू नका. सगळ्या डिझाइनची एक कॉपी दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काम नसताना काढून कपाटात. बारा-तेरा वर्षांचं काम एका रात्रीत गेलेला एक डीटीपीवाला माझ्या ओळखीचा आहे, तो माणूस त्यानंतर महिनाभर दुकानात आला नव्हता.

प्रश्न: अंबाजोगाईहून लिहितेय. सासऱ्यांना युट्यूबवर कीर्तन बघायचं असतं, मोठ्या स्क्रीनवर त्यांना नीट दिसतं म्हणून जुना कोअर टू ड्युओ दिलाय. आवाज पुढं जातो आणि बुवा थांबून थांबून हलतात. फायरफॉक्सच आहे, नेट चांगलं आहे.

उत्तर: ताई, हा नेटचा दोष नाही. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, त्यात कोडेकच्या (व्हिडिओच्या फॉरमॅटच्या) ओळीत व्हीपी ०९ किंवा एव्ही ०१ दिसत असेल तर कारण तेच. हे नवे फॉरमॅट डेटा वाचवतात पण उलगडायला प्रोसेसरला लई मेहनत पडते, आणि तुमच्या मशीनच्या ग्राफिक्समधे त्यांची सोयच नाही. फायरफॉक्समधे एच २६४ इफाय नावाचं छोटं एक्स्टेंशन टाका, मग युट्यूब जुना एच २६४ फॉरमॅट देतं, ओळीत एव्हीसी १ दिसायला लागेल. क्वालिटी ४८० वर ठेवा, कीर्तनाला तेवढी पुरते, तरी अडकलं तर ३६०. झूम मात्र ब्राउझरमधे १५० टक्के करून द्या म्हणजे त्यांना नावं वाचून हवं ते कीर्तन स्वतः लावता येईल, आणि होमपेजला त्यांचं आवडतं चॅनलच लावून टाका, सुरू केलं की तेच समोर येईल.