नांगरटीत सापडलेला गोळा आणि हिरवी चकती

प्रश्न : शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना पांढरट-करड्या रंगाचा एक जड गोळा आणि मागे बारीक कडी असलेली हिरवी चकती मिळाली. या वस्तू कशाच्या असाव्यात?

उत्तर : चकतीचा हिरवा थर तांबे, पितळ किंवा काशाचा निदर्शक आहे आणि मागची कडी पाहता ते नाणे नसून कपड्याचे बटण अथवा घोड्याच्या साजावरील अलंकार असण्याची शक्यता अधिक वाटते. गोळ्याची परीक्षा मात्र घरीच करता येते. प्रथम चुंबक लावून पाहावा. तो चिकटला नाही, तर वजन आणि व्यास मोजावा. 18 मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा शिशाचा असेल तर सुमारे 34 ते 35 ग्रॅम भरतो, तर तेवढाच लोखंडी गोळा 24 ग्रॅमच्या आसपास राहतो. शिसे निघाल्यास ती जुन्या ठासणीच्या बंदुकीची गोळी असू शकते. मग हात धुण्यास विसरू नये, कारण शिसे विषारी असते.

नांगर माती वरखाली करत असल्याने त्या थरातील खोलीवरून वस्तूचे वय ठरवणे व्यर्थ आहे. सापडल्याची नेमकी जागा मात्र अवश्य नोंदवावी. चिंच, लिंबू किंवा तारेचा ब्रश यांनी चकाकी आणण्याचा मोह आवरावा, कारण त्या हिरव्या थरातच पुष्कळदा नक्षीचे बारकावे टिकून राहिलेले असतात. टोकदार, नळकांड्यासारखी लोखंडी वस्तू दिसली, तर ती न हलवता पोलिसांना कळवावे.