दुकानांचं, बांधकामांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं स्कॅनरवर ऐकण्यात काय मजा? नुकताच जर्सी सिटीत आलोय, कोणता स्कॅनर घेऊ?

काय मजा, हे आमचे दाजी मला कित्येक वर्षं विचारताहेत. तुमच्या निमित्ताने त्यांनाही उत्तर देऊन टाकतो. स्कॅनर म्हणजे वॉकीटॉकीसारख्या रेडिओंवरचं बोलणं शोधून ऐकवणारा रेडिओ. पण दाजींच्या लेखी स्कॅनर म्हणजे पोलीस. पाठलाग, गोळीबार, सायरन. बाकी सगळी "किराणा दुकानातली बडबड".

मीही जर्सी सिटीतच राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक टॉवर उभा राहत होता. साधा हातातला ॲनालॉग स्कॅनर 450 ते 470 मेगाहर्ट्झमध्ये शोधायला लावला आणि थोड्याच वेळात क्रेनवाले सापडले. एक वर केबिनमध्ये, एक खाली सिग्नल द्यायला. माल नेमका कुठे टेकतोय हे वरच्याला बरेचदा दिसतच नाही, इमारत आड येते. मग खालचा बोलतो आणि वरचा निव्वळ त्या बोलण्यावर क्रेन फिरवतो. "स्विंग राइट, फिफ्टी... ट्वेंटी फाइव्ह... टेन... फाइव्ह... स्विंग स्टॉप." कानात उरलेल्या अंतराचे आकडे आणि समोर तो अजस्र हात त्या आकड्यांबरहुकूम मंदावत जातोय. आई इकडे आली होती तेव्हा लसूण सोलता सोलता तीही "थांबला बघ" म्हणायला लागली होती.

तर दाजी जेवायला आलेले असताना काचांचा गठ्ठा इमारतीच्या मागे उतरत होता आणि "टेन"नंतर आवाजच गेला. क्रेनची तार जागच्या जागी थबकली. वरच्याने दोनदा हाक मारली, उत्तर नाही. मग दुसराच कुणीतरी बोलला: त्याची बॅटरी गेलीय, थांब. नवा सेट हातात आल्यावर मोजणी परत सुरू, आणि गठ्ठा अलगद खाली.

दाजी म्हणाले, "एवढंच?"

अहो, एवढंच तर! आवाज तुटला की क्रेन थांबवायची, हा इथल्या कामगार सुरक्षेचा नियमच आहे. म्हणून तर खालचा माणूस तोंड मिटत नाही. पोलिसांच्या कुठल्या पाठलागात हे समोर दिसतं? आणि ऐकायला पोलीस उरलेत किती? नदीपलीकडे न्यूयॉर्क पोलिसांनी 2023 पासून एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं कुलूपबंद सांकेतिक रूपात पाठवणं, सुरू केलंय. ते कितीही महाग स्कॅनरने उघडत नाही.

आता तुमचं. दुकानांसाठी 151.820, 151.880, 151.940, 154.570 आणि 154.600 या पाच फ्रिक्वेन्सी आधी भरा. त्या परवान्याशिवाय वापरता येतात, म्हणून तिथे वर्दळ असते. गोदामं, हॉटेलं, मॉलचे रखवालदार 460च्या पुढे शोधा. वॉकीटॉकीच्या डब्यावर 'प्रायव्हसी कोड' छापलेला असतो, त्याला बिचकू नका. त्याने फक्त इतरांचा आवाज त्यांच्या कानावर येत नाही, त्यांचा तुम्हाला येतोच. जुना ॲनालॉग स्कॅनर पुरे. लॅपटॉप असेल तर आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) त्याहून स्वस्त, आणि कोण कुठे बोलतंय ते पडद्यावर दिसतं.

हो, कायद्याचं राहिलं. असं उघडं, एन्क्रिप्शन नसलेलं बोलणं ऐकायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, पण ऐकलेलं चारचौघांत सांगणं किंवा त्यातून फायदा काढणं यात अडकू शकता. मोबाइल आणि कॉर्डलेस फोनच्या वाटेला जाऊच नका. न्यूयॉर्क राज्यात जाताना गाडीत पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा स्कॅनर बाळगू नका. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असेल तर सूट आहे. सुट्टीत भारतातही नेऊ नका, तिकडे वायरलेसचे परवान्याचे नियम वेगळे आहेत.

एक मात्र दाजींच्या बाजूने सांगायला हवं. बरीच दुकानं आणि मॉल आता डीएमआर नावाच्या डिजिटल पद्धतीच्या वॉकीटॉकीवर गेलेत. माझ्या स्कॅनरवर तिथे नुसती इंजिनासारखी घरघर येते. दाजींच्या महागड्या डिजिटल स्कॅनरवर ते ऐकू येतं, फक्त त्या मॉडेलला वेगळे पैसे भरून अपग्रेड घ्यावं लागतं. ते त्यांनी गेल्या दिवाळीत गुपचूप घेतलंय, ताईने सांगितलं.