दोन भाषांमुळे बाळाचे बोलणे लांबते का?

वीस महिन्यांच्या मुलाला तपासणीसाठी माझ्याकडे घेऊन आलेल्या एका आईने बसताक्षणीच विचारले, "माझ्यामुळे तो मागे पडला का?" घरात आईची भाषा एक, वडिलांची दुसरी. मूल फारसे बोलत नाही हे पाहून एका अनुभवी नातेवाइकांनी सांगितले होते की दोन भाषांनी त्याचा गोंधळ उडतो, एकच ठेवा. त्यामुळे दोन महिन्यांपासून त्यांनी स्वतःची भाषा सोडून पतीच्या भाषेत, जी त्यांना जेमतेम येत होती, बाळाशी बोलायचा प्रयत्न चालवला होता. शब्द सुचत नसत, म्हणून त्या गप्पच राहत. अंगाईसुद्धा थांबली होती, हे सांगताना त्यांना रडू आवरले नाही.

मी प्रथम श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितले, कारण उशिराचे खापर दोन भाषांवर फोडले की कानांची तपासणी राहून जाते आणि मोलाचे महिने वाया जातात. चाचणीत काही दोष निघाला नाही. मूल हाकेला वळत होते, हवे त्याकडे बोट दाखवत होते आणि दोन्ही भाषांतल्या साध्या सूचना त्याला कळत होत्या. मग मी दोघांना वहीत दोन रकाने आखून, मूल आपणहून म्हणते तो प्रत्येक शब्द, उच्चार बोबडा असला तरी, लिहायला सांगितले. आठवड्याने आईच्या रकान्यात १९ आणि वडिलांच्या रकान्यात २३ शब्द होते. नऊ गोष्टींची नावे त्याला दोन्ही भाषांत येत होती, म्हणजे त्याच्याजवळ ३३ वेगवेगळ्या गोष्टींसाठी शब्द होते. यापूर्वी एकाच भाषेतले शब्द मोजल्यामुळे तो मागे वाटला होता. भाषासंशोधक बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी व स्पॅनिश ऐकणाऱ्या लहान मुलांचे शब्द असेच एकत्र मोजले, तेव्हा ती एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती.

गोंधळाची भीतीही निराधार आहे. गरोदरपणात इंग्रजी आणि टागालोग (फिलिपिन्समधली एक भाषा) या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात बाळे या दोन भाषांमधला फरक ओळखतात, असे २०१० सालच्या एका प्रयोगात दिसले. थोडे मोठे झाल्यावर एका वाक्यात दोन भाषा मिसळणारे मूलही बहुधा हाताशी असलेला शब्द वापरत असते.

तरीही दोन भाषा ही सबब होऊ नये. वर्षाचे झाल्यावरही बाळ बाबा-दादासारखी बडबड किंवा हातवारे करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत कोणत्याच भाषेत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर वाट न पाहता तज्ज्ञांना दाखवावे. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्याने ती दूर होत नाही.

त्या आईला मी एवढेच सुचवले की ज्या भाषेत तुम्हाला रागवता, लाडावता आणि गोष्ट रंगवता येते, त्याच भाषेत बोला. अंगाई त्याच रात्री सुरू झाली. तेविसाव्या महिन्यात मुलाने "दे" हा शब्द वडिलांच्या भाषेत आणि "चेंडू" आईच्या भाषेत असे दोन शब्द पहिल्यांदा जोडले. हे कोणत्या रकान्यात लिहू, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ते मधल्या रेघेवर लिहायला सांगितले.