मुलांना नकाशा आणि दिशा खेळातून कशा शिकवाव्यात?

तिसरी-चौथीची मुलं असतील तर खजिन्याचा शोध खेळा, पण चौघांचे गट करून. एकाकडे नकाशा, दुसऱ्याकडे होकायंत्र, तिसरा पावलं मोजणार, चौथा चिठ्ठी वाचणार. दर चिठ्ठीनंतर कामं बदला, नाहीतर एकच मूल सगळं करून टाकतं.

नकाशा मुलांकडूनच काढून घ्या: गेट, पाण्याची टाकी, आंब्याचं झाड. १ सेंटीमीटर म्हणजे ५ पावलं. चिठ्ठीत लिहा, ‘आंब्यापासून ईशान्येला १५ पावलं’. मग पट्टीने ३ सेंटीमीटर मोजावेच लागतात.

मुलांना उत्तर दिशा म्हणजे ‘वर’ वाटतं. म्हणून आधी नकाशा जमिनीवर ठेवून त्यातली उत्तर होकायंत्राच्या उत्तरेशी जुळवायला लावा. आमच्याकडे एक मुलगी कागद फिरवता फिरवता थांबली आणि ओरडली, “अगं, टाकी खरंच तिकडे आहे!” त्या एका क्षणासाठी हा सगळा खटाटोप करावा.

होकायंत्र लोखंडी गेट, गाडी, मोबाईल यांपासून लांब आणि आडवं धरायचं, नाहीतर सुई भरकटते. आपल्याकडे चुंबकीय (होकायंत्र दाखवतं ती) आणि खऱ्या (उत्तर ध्रुवाकडच्या) उत्तरेतला फरक नगण्य आहे, त्याची काळजी नको.

खजिना मात्र वाटून खाता येईल असा ठेवा. चिक्की उत्तम.