कोंबडीपालनाची सुरुवात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मांस आणि अंडी, दोन्हींसाठी कोंबडीपालन सुरू करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: शेडमध्ये जे बिघडलेले आज दिसते, ते बहुधा काही दिवस किंवा काही आठवडे आधीच बिघडलेले असते. औषधाची बाटली उघडण्याआधी मागे जाऊन पाहावे लागते.

प्रश्न: पाचशे पक्ष्यांपासून सुरुवात करायची आहे. ब्रॉयलर (मांसाचे पक्षी) घ्यावे की लेयर (अंड्यांच्या कोंबड्या)? ब्रॉयलरच्या माद्या पुढे अंड्यांसाठी ठेवता येतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ठेवू नका. ब्रॉयलरची निवड पिढ्यानपिढ्या झपाट्याने वाढणाऱ्या छातीच्या मांसासाठी झाली आहे. पोटभर खाद्य मिळाले की वजन वाढतच जाते, पाय आणि हृदय थकतात आणि अंडी मोजकीच मिळतात. उलट, लेयर जातीचे नर मांसासाठी वाढवले तर ते इतके सावकाश वाढतात की खाद्याचा खर्च निघत नाही. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो फक्त पिल्ले काढायची असतील तरच हवा.

ब्रॉयलरचे ४०-४२ ग्रॅमचे पिल्लू ३५ ते ४० दिवसांत दोन किलोच्या पुढे जाते. लेयर १८ ते २० आठवडे नुसती खाते, मग ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत ३०० च्या आसपास अंडी देते. नवख्याने पहिल्या वर्षी ब्रॉयलरच घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहा आठवड्यांत सगळे चक्र हाताखालून जाते आणि झालेली चूक पुढच्या लॉटमध्ये सुधारता येते. लेयरमध्ये सहाव्या आठवड्यातली चूक विसाव्या आठवड्यात दिसते, आणि तोवर तिच्यावर उपाय उरलेला नसतो. परसात वीस-पंचवीसच पक्षी ठेवायचे असतील तर अंडी आणि मांस दोन्ही बेताने देणारी दुहेरी उपयोगाची जात बरी.

प्रश्न: शेडमध्ये जागा किती धरावी?

गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर पसरून पक्षी ठेवताना, दोन किलोच्या ब्रॉयलरला एक चौरस फूट आणि लेयरला दोन चौरस फूट. कडक उन्हाळ्यात ब्रॉयलरची संख्या पाचव्या हिश्श्याने कमी करा. उष्ण हवेच्या भागात शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत घुसत नाही. उघड्या बाजूंच्या शेडची रुंदी ३० फुटांपेक्षा जास्त नको, कारण त्यापुढे वारा आरपार जात नाही. बाजूला फूटभर भिंत आणि तिच्यावर छपरापर्यंत जाळी. जाळीची भोके चिमणी आत येणार नाही इतकी बारीक हवीत. छप्पर भिंतीबाहेर तीन फूट तरी यावे, नाहीतर पावसाची झड थेट गादीवर येते.

प्रश्न: पिल्ले आणली तेव्हा तरतरीत होती. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाच-सहा चेंगरून मेलेली सापडतात. ब्रूडरचे (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्यांच्या जागेचे) तापमान तर ३३ अंश ठेवले आहे.

थर्मामीटर कुठे टांगला आहे ते आधी पाहा. तो भिंतीवर किंवा तुमच्या छातीच्या उंचीवर असेल तर ते ३३ अंश पिल्लांच्या कामाचे नाहीत. मोजायचे ते जमिनीपासून दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या पातळीला, ब्रूडरच्या कडेला. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब पूर्णपणे सांभाळता येत नाही. जमीन गार असेल तर ऊब पायांतून निघून जाते. म्हणून ब्रूडर पिल्ले येण्याच्या २४ तास आधी चालू करून गादीसुद्धा गरम करून घ्यायची असते. दोन-चार पिल्ले उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, तिथे थंडी आहे.

थर्मामीटरपेक्षाही खरे सांगतात ती पिल्लेच. दिव्याखाली दाटीवाटीने गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी आहे. पंख पसरून, चोच उघडी टाकून कडेला गेली असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे, तिथली फट शोधा. सगळीकडे सारखी विखुरलेली, काही खाताहेत, काही झोपली आहेत, असे दिसले की जमले. ही पाहणी रात्री दोन-तीनच्या सुमारासही करायची, कारण ढीग बहुधा तेव्हाच होतो. वीज जाऊन अंधार झाला तरी पिल्ले घाबरून कोपऱ्यात साचतात. त्यामुळे पर्यायी दिवा तयार हवा आणि शेडचे कोपरे चिकगार्डने, म्हणजे पिल्लांभोवतीच्या बुटक्या कुंपणाने, गोल करून घ्यावेत.

मांडणी अशी: दीड फूट उंचीच्या चिकगार्डचे दहा फूट व्यासाचे रिंगण, त्यात २५० ते ३०० पिल्ले. उष्णतेसाठी पिल्लामागे थंडीत दोन वॅट, उन्हाळ्यात एक वॅट. खाली दोन-तीन इंच कोरडे तूस आणि पहिले तीन दिवस त्यावर खरखरीत कागद. गुळगुळीत कागदावर पाय फाकून पिल्ले कायमची लंगडी होतात. तिसऱ्या दिवसापासून रिंगण रोज थोडे मोठे करत सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत काढून टाका. पहिल्या आठवड्यातल्या ३३ अंशांवरून दर आठवड्याला तीन-तीन अंश उतरा.

पिल्ले उतरवली की आधी पाणी, तेही खोलीच्या तापमानाचे. पाच-सात पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची बघून शिकतात. तासाभराने कागदावर खाद्य पसरा. मग आठ तासांनी छातीच्या वरची अन्नपिशवी चाचपून पाहा. शंभरातल्या ऐंशी पिल्लांची भरलेली हवी, २४ तासांनी पंचाण्णवहून जास्त. पिशवी मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर खाणे-पिणे दोन्ही झाले आहे. आतले खाद्य कडक लागले तर पाणी कमी पडते आहे. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि नेमकी तीच सगळ्यात लवकर इशारा देते. पोटातला बलक पहिल्या चार-पाच दिवसांत शोषला जायला हवा, कारण आईकडून आलेली रोगप्रतिकारशक्ती त्यात असते. उपाशी पिल्लात तो शोषला जात नाही.

एक फरक ध्यानात ठेवा. मेलेल्या पिल्लाचे पोट फुगलेले, बेंबी ओली आणि घाण वास असेल तर तो बेंबीचा संसर्ग. तो बहुतेक वेळा उबवणी केंद्रातूनच येतो, ब्रूडर कितीही नीट लावला तरी थांबत नाही. अशी पिल्ले लगेच पशुवैद्यकाला दाखवा आणि पुरवठादाराला कळवा. तुमची पिल्ले चेंगरून मरताहेत, म्हणजे तुमच्याकडे प्रश्न उबेचाच आहे. सातव्या दिवशी वजन करा. आल्या दिवसाच्या चौपट, म्हणजे १६० ग्रॅमच्या पुढे असायला हवे. तिथे जे हुकते ते पस्तिसाव्या दिवसापर्यंत भरून येत नाही.

प्रश्न: थंडीमुळे पडदे पूर्ण बंद ठेवले होते. तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. आता चौथ्या आठवड्यात चांगले वजनदार पक्षी मरताहेत, पोटात पाणी निघते.

हा जलोदर आहे आणि त्याची सुरुवात त्या बंद पडद्यांपासून झाली. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरला प्राणवायू फार लागतो. तो कमी पडला की हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे जास्त जोराने रक्त ढकलू लागते. तिच्यावर ताण येऊन ती हरते, रक्त मागे तुंबते आणि यकृतातून पाणी पोटात झिरपते. म्हणूनच अंगाने चांगले पक्षी आधी जातात. पोटात पाणी झालेला पक्षी वाचत नाही, पण उरलेल्यांसाठी आजच हवा खेळती करा. पडदा खाली पक्का बांधून वर ओढायचा असावा. म्हणजे थंडीतही वरची फूटभर फट उघडी राहते, वारा पक्ष्यांच्या अंगावर येत नाही आणि घाण हवा वरून निघून जाते. ऊब कमी पडली तर ब्रूडर वाढवा, हवा बंद करू नका.

डोळ्यांतले पाणी अमोनियाचे. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत २५ भागांच्या वर गेले की श्वासनलिकेतले बारीक केस काम करेनासे होतात आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. दिवसभर शेडमध्ये वावरणाऱ्याला तो वास येईनासा होतो, म्हणून सकाळी बाहेरून आत शिरतानाचा पहिला श्वास महत्त्वाचा. गुडघ्यावर बसून, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर वास घ्या.

अमोनिया ओल्या गादीतून येतो. मूठभर गादी दाबा. मूठ उघडल्यावर हलकेच भुसभुशीत झाली तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडी. ओलीचे कारण बहुधा पाण्याच्या भांड्याची उंची असते. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या पातळीला हवा आणि पक्षी वाढेल तसा वर सरकवायला हवा. ओले गोळे फावड्याने उचलून बाहेर टाका, तिथे नवे तूस घाला, बाकीची गादी रोज खालीवर करा. चुना मारण्याची सवय सर्रास आहे. चुन्याने ओल घटते हे खरे, पण त्याने गादीतला अमोनिया आधी आणखी सुटतो. म्हणून चुना मारायचाच तर पडदे उघडे ठेवून. ओल्या गादीतच रक्ती हगवणीची बीजेही पक्व होतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: पाण्यातून लस दिली, तरी मानमोडी (राणीखेत रोग) आली. लस खोटी होती का?

तशी शंका घेण्याआधी पाणी आणि वेळ तपासा. क्लोरीन असलेल्या पाण्यात जिवंत लस काही मिनिटांत निकामी होते. आदल्या दिवसापासून पाण्यात क्लोरीन किंवा जंतुनाशक नको. लिटरमागे चार-पाच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर घालून १५-२० मिनिटांनी लस मिसळा. लस शेवटपर्यंत २ ते ८ अंशांत राहायला हवी. देण्यापूर्वी तासभर पाणी तोडा, उन्हाळ्यात त्याहून कमी वेळ, आणि दोन तासांत संपेल इतक्याच पाण्यात ती द्या. भांडी कमी असतील तर दांडगे पक्षी सगळे पिऊन जातात, दुबळे तसेच राहतात आणि रोग त्यांच्यातून शिरतो. म्हणूनच पाचव्या ते सातव्या दिवसाची राणीखेतची पहिली लस डोळ्यात थेंबाने द्यावी असे आम्ही सांगतो. त्यानंतर बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात राणीखेतची दुसरी मात्रा, असा सर्वसाधारण क्रम. तुमच्या भागातला रोगाचा जोर पाहून पशुवैद्यक तो बदलू शकतात. आजारी लॉटला लस देऊ नये.

प्रश्न: लेयरच्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना) सतराव्या आठवड्यापासून रात्री दिवे लावले. अंडी लवकर आली, पण लहान. काहींचा अंडमार्ग बाहेर येतो आणि इतर कोंबड्या त्याला टोचतात.

शरीर भरण्याआधी प्रकाशाने त्यांना अंड्यावर आणले गेले. दिवे वाढवायचे ते तारखेवर नाही, वजनावर. अठराव्या आठवड्याला पांढऱ्या जातींत साधारण सव्वा किलो, तपकिरी अंड्यांच्या जातींत दीड किलोच्या आसपास वजन हवे आणि शंभरातल्या ऐंशी तरी सरासरीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे असाव्यात. हे साधले की आठवड्याला अर्धा तास वाढवत १६ तासांपर्यंत जा. वाढीच्या काळात प्रकाश वाढवू नये, अंड्याच्या काळात घटवू नये. आता अंडमार्ग बाहेर आलेल्या कोंबड्या ताबडतोब वेगळ्या करा, कारण टोचणे सुरू झाले की रक्त पाहून सगळा कळप तुटून पडतो. दिव्यांचा उजेड मंद करा.

कवचासाठी खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. कवच मुख्यतः रात्री बनते, म्हणून शिंपल्याची जाडसर भरड संध्याकाळच्या खाद्यात द्या. ती पोटात सावकाश विरघळते. हेच खाद्य अंडी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी दिले तर मूत्रपिंडे बिघडतात.

प्रश्न: दोन किलोच्या पक्ष्याला सव्वाचार किलो खाद्य लागले. हे जास्त आहे का?

बरेच जास्त. दोन किलोला ३.२ ते ३.४ किलो पुरायला हवे, म्हणजे किलोमागे १.६ ते १.७. खाद्याची भांडी काठोकाठ भरली जातात का ते पाहा. निम्म्याच्या वर भरली की पक्षी चोचीने खाद्य बाहेर उडवतात. उंदीर, बुरशी लागलेला मका आणि उशिरा होणारी मर हीही कारणे आहेत. तिसाव्या दिवशी मेलेला पक्षी दोन किलोच्या आसपास खाद्य खाऊन गेलेला असतो. रोजचे खाद्य, पाणी आणि मर वहीत लिहा. पाणी खाद्याच्या साधारण दुप्पट जाते. ते अचानक घटले तर बहुधा एक-दोन दिवसांत आजार दिसतो. लॉटच्या शेवटी जगलेल्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन, भागिले (दिवस गुणिले किलोमागे लागलेल्या खाद्याचे प्रमाण), आणि त्याला १०० ने गुणा. ९६ टक्के जगले, दोन किलो वजन, ३६ दिवस आणि १.६ प्रमाण असेल तर आकडा ३३३ येतो. ३०० च्या खाली आला तर वही उघडून पहिल्या आठवड्यापासून वाचा.

प्रश्न: अंडी धुवावीत का? आणि औषध चालू असताना पक्षी विकावेत का?

औषधाच्या वेष्टनावर दिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण होईपर्यंत मांसही नाही आणि अंडीही नाहीत. यात सूट नाही. अंडी धुण्यापेक्षा घरटे कोरडे ठेवा, पाच कोंबड्यांना एक, आणि दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करा. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. गार पाण्याने धुतले की आतला भाग आकसतो आणि घाण पाण्यासह आत ओढली जाते. थोडी मळलेली अंडी बारीक पॉलिशपेपरने कोरडीच पुसा, फार मळलेली वेगळी काढा. साठवताना टोकदार बाजू खाली ठेवा, म्हणजे रुंद टोकाची हवेची पोकळी वर राहते आणि बलक मधोमध राहतो.