'रॅट अँटी-माऊस' मराठीत कसं लिहावं?

प्रयोगशाळेतल्या उंदरांवर चालणाऱ्या संशोधनाबद्दल एका मासिकासाठी लेख लिहिणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: मूळ माहितीत 'रॅट अँटी-माऊस सीडी४ अँटिबॉडी' असं आहे, ती माऊसच्या पांथरीतल्या (प्लीहेतल्या) पेशींवर घालून त्यांच्या पृष्ठभागावरचा सीडी४ हा 'रिसेप्टर' (बाहेरचे रेणू पकडणारं प्रथिन) शोधतात. मी त्याचं 'उंदीरविरोधी उंदीर प्रतिपिंड' केलं, संपादकांनी त्यावर प्रश्नचिन्ह घालून परत पाठवलं. 'प्रति-मूषक' चालेल का? आणि मुळात ही अँटिबॉडीची बाटली उंदराची आहे की उंदरासाठीची?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की मराठी नाव जवळजवळ हाती येतं. ही बाटली दोन्ही आहे. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, परकी वस्तू ओळखून तिला चिकटणारं, शरीराने बनवलेलं प्रथिन. नावात पहिला येणारा प्राणी म्हणजे ज्याच्याकडून प्रतिपिंड मिळालं तो. 'अँटी'नंतर येणारा प्राणी म्हणजे ज्याच्या पेशी तपासायच्या आहेत तो. आणि त्या पेशींवरचं जे नेमकं प्रथिन शोधायचं, ते म्हणजे सीडी४. रॅटकडून मिळालेलं प्रतिपिंड, माऊसच्या पेशींवरचं सीडी४ शोधायला. त्यात कुणी कुणाच्या विरोधात नाही.

दोन प्राण्यांची ही जोडी आपल्याला अनोळखी नाही. साप चावल्यावर देतात ती लस घोड्यापासून मिळते. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्या लशीशी जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोड्या थोड्या मात्रेत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती शुद्ध करून रुग्णाला देतात. इथे घोडा कोण आणि नाग कोण, याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही, कारण आपण सांगताना 'घोड्यापासून' आणि 'विषावर' असे दोन वेगळे शब्दयोगी वापरतो. तुमच्या भाषांतरातून नेमके हेच दोन गळाले आहेत.

ते गाळून नुसती षष्ठी लावली तरी भागणार नाही. मराठीत 'गाईचं तूप' म्हणजे गाईपासून मिळालेलं. 'खोकल्याचं औषध' म्हणजे खोकला घालवणारं. 'ढेकणांचं औषध' ढेकणांना मारतं, आणि किराणा दुकानात जाऊन 'उंदराचं औषध द्या' म्हटलं तर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. चा-ची-चे या प्रत्ययात उगमही मावतो आणि लक्ष्यही मावतं, एरवी संदर्भ आपल्याला सावरून घेतो. 'उंदराचं प्रतिपिंड' यात मात्र सावरणारं काहीच नाही, कारण इथे उंदीर उगमही असू शकतो आणि लक्ष्यही.

'विरोधी' मला पटत नाही, त्याचं कारण वेगळं आहे. हा शब्द वैर सांगतो. प्रतिपिंडाचं इथलं काम फक्त ओळखण्याचं आहे. कुलपात किल्ली बसावी तसं ते एका विशिष्ट प्रथिनाच्या एका विशिष्ट भागावर जाऊन बसतं. त्याला किंवा त्यावर घातलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडलेला असतो, म्हणून ज्या पेशीवर ते बसलं ती पेशी यंत्राला दिसते. १९४१ साली अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना असा रंग जोडून दाखवला, तेव्हापासून ही वाट रुळली. म्हणून 'अँटी'ला मराठी उपसर्ग शोधत बसण्यापेक्षा 'ओळखणारं' हे साधं धातुसाधित घ्यावं. 'माऊसचं सीडी४ ओळखणारं'. मराठी अशी विशेषणं सहज घडवते आणि वाचणाऱ्याला ती थांबवत नाहीत.

'प्रति-मूषक'ची गंमत अशी की 'प्रति' हा उपसर्ग आपल्याकडे दोन विरुद्ध दिशांना जातो. प्रतिकार, प्रतिबंध, प्रतिस्पर्धी यांत तो समोर उभा राहतो. प्रतिमा, प्रतिकृती यांत तो सारखेपणा दाखवतो, आणि जिवंत बोलीत हाच अर्थ अधिक जोरात आहे. एखाद्या गावाला 'प्रतिपंढरपूर' म्हणतात ते तिथे दुसरं पंढरपूर वसलं आहे म्हणून. सातारा भागातलं 'प्रतिसरकार' इंग्रज सरकारच्या विरोधातही होतं आणि त्याच्या जागी उभं राहिलेलं दुसरं सरकारही होतं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. तेव्हा 'प्रति-मूषक' वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरा उंदीर येण्याचीच शक्यता जास्त.

मग 'प्रतिपिंड' कसा चालतो? तो चालतो, कारण तो घडवलेला आणि आता रुळलेला एकसंध शब्द आहे. पॉल एर्लिख या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८९१च्या एका निबंधात 'अँटिकॉर्पर' हा शब्द वापरला, तोच इंग्रजीत 'अँटिबॉडी' झाला. 'कॉर्पर' म्हणजे देह, वस्तू, आणि आपल्याकडे 'पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणतो त्यातला पिंड म्हणजेही देहच. 'प्रतिद्रव्य' हाही पर्याय वर्तमानपत्रांत दिसतो, करोनाच्या काळात दोन्ही शब्द घरोघर पोचले. मी 'प्रतिपिंड' घेतो, कारण 'द्रव्य' म्हटलं की वाचकाला काहीतरी पातळ, मिसळून गेलेलं वाटतं. इथे तर एकेक रेणू स्वतंत्रपणे जाऊन एकेका जागी बसतो.

'रिसेप्टर' हा शब्दही त्याच एर्लिखच्या लेखनातून आला, १९०० च्या सुमारास. त्याची कल्पना अशी होती की पेशीच्या अंगावर बाजूला फुटलेल्या साखळ्या असतात, विष त्यांना येऊन चिकटतं, मग पेशी त्या साखळ्या गरजेपेक्षा जास्त बनवते आणि रक्तात सोडते. रक्तात सुटलेल्या त्या साखळ्या म्हणजेच प्रतिपिंडं. तपशील पुढे बदलले, पण बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, आपलं प्रतिपिंड अंगावर ग्राही (रिसेप्टर) म्हणून बाळगते, एवढं त्याने फार आधी ओळखलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या एका चुकीशी याचा संबंध आहे.

आता खरी अडचण: माऊस आणि रॅट. संस्कृतातल्या 'उन्दुरु'पासून आलेला आपला 'उंदीर' दोघांनाही पुरतो. घरात, शेतात त्याने काही बिघडत नाही. पण मस मस्क्युलस आणि रॅटस नॉर्व्हेजिकस या दोन जाती एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. प्रयोगशाळेतला माऊस २० ते ३० ग्रॅमचा, रॅट त्याच्या दहापट किंवा अधिक. 'घूस' रॅटला देता येणार नाही, ती तिसरीच जात आहे. चिचुंद्री तर कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या गटातलीही नाही. 'पांढरा उंदीर' म्हणावं तर विस्टर रॅटही पांढराच असतो, आणि सर्वाधिक वापरला जाणारा सी५७ ब्लॅक ६ हा माऊस काळा. 'मूषक' माऊससाठी राखून ठेवावा हा मोह मलाही होतो. मूषक, लॅटिनमधला मस आणि इंग्रजी माऊस हे तिन्ही एकाच मुळाचे आहेत. पण मराठी वाचकाला मूषक म्हणजे उंदीरच. त्यातला भेद त्याला दर पानावर नव्याने सांगावा लागेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 'माऊस' आणि 'रॅट' हेच शब्द ठेवा. पहिल्यांदा येतील तिथे 'लहान जातीचा उंदीर, माऊस' आणि 'मोठ्या जातीचा उंदीर, रॅट' अशी ओळख करून द्या. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत मराठीत बोलणारी माणसंही हेच बोलतात. संगणकाच्या माऊसशी घोटाळा होईल ही भीती नको, पांथरी काढलेला माऊस म्हटल्यावर कुणाला संगणक आठवणार नाही.

हा भेद किती मोलाचा आहे त्याचं एक उदाहरण देतो. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचं प्रतिपिंड अखंड मिळवण्याची रीत शोधली. दोनच वर्षांनी अ‍ॅलन विल्यम्स, गॅल्फ्रे आणि मिलस्टाइन यांनी माऊसपासून काही प्रतिपिंडं मिळवली, रॅटच्या पांढऱ्या पेशी ओळखणारी. त्यातलं 'डब्ल्यू३/२५' पुढे रॅटचं सीडी४ ओळखणारं म्हणून प्रसिद्ध झालं. १९८३ साली उलटं घडलं: 'जीके१.५' हे रॅटपासूनचं प्रतिपिंड माऊसचं सीडी४ ओळखतं. दोन वेगळी प्रतिपिंडं, एकाच्या जागी दुसरं कामाचं नाही. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर दोन्ही बाटल्यांवर एकच नाव येईल: 'उंदीरविरोधी उंदीर प्रतिपिंड'. संपादकांचं प्रश्नचिन्ह योग्य होतं ते यामुळे.

माऊसच्या प्रथिनासाठी रॅटच का? प्राणी सहसा स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं करत नाही. माऊसला माऊसचंच सीडी४ टोचलं तर त्याच्या शरीराला ते आपलंच वाटतं. रॅटला ते परकं वाटतं. क्वचित 'माऊस अँटी-माऊस' अशी बाटलीही भेटते, तिथे एका वाणाच्या माऊसपासून मिळालेलं प्रतिपिंड दुसऱ्या वाणाच्या माऊसमधला बारीक फरक ओळखत असतं. शेतीतला 'वाण' हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो.

आता ती चूक, माझ्या हातून झालेली. मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत काम करत होतो. माऊसच्या पांथरीतल्या पेशींवर आधी रॅटपासून मिळवलेलं, माऊसचं सीडी४ ओळखणारं प्रतिपिंड घातलं होतं, आणि ते दिसावं म्हणून त्यावर शेळीचं, रंग जोडलेलं, रॅटची प्रतिपिंडं ओळखणारं दुसरं प्रतिपिंड घालायचं होतं. घाईत शेजारची बाटली उचलली, शेळीचीच, पण माऊसची प्रतिपिंडं ओळखणारी. पाचव्या हिश्शाच्या आसपास पेशी चमकायला हव्या होत्या, चमकल्या निम्म्याहून जास्त. कारण वर सांगितलंच आहे: पांथरीतल्या निम्म्याच्या आसपास पेशी बी पेशी असतात आणि त्या माऊसची स्वतःची प्रतिपिंडं अंगावर बाळगतात. शेळीच्या प्रतिपिंडाने त्यांनाच धरलं. योग्य बाटली घेतली तरी धोका पूर्ण टळत नाही. रॅट आणि माऊस यांची प्रतिपिंडं इतकी मिळतीजुळती असतात की शेळीचं प्रतिपिंड दोघांना 'उंदीर' एवढंच समजू शकतं. म्हणून माऊसला चिकटणारी प्रतिपिंडं आधी गाळून काढलेली बाटली मागवावी लागते.

याच दुसऱ्या प्रतिपिंडाला काही जण 'दुय्यम प्रतिपिंड' म्हणतात. फारसीतून आलेल्या 'दुय्यम'चा मूळ अर्थ 'दुसरा' एवढाच. 'दुय्यम निबंधक' या हुद्द्यात तो टिकून आहे, पण आजच्या मराठीत 'दुय्यम' म्हणजे कमी प्रतीचं. सरळ 'पहिलं प्रतिपिंड' आणि 'दुसरं प्रतिपिंड' म्हणा.

'रेझ्ड इन गोट' याचं 'शेळीत वाढवलेलं' असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे. प्रतिपिंड वाढवत नाहीत. 'शेळीमध्ये तयार केलेलं' बरं, पण जीके१.५च्या बाबतीत तेही नेमकं नाही. तिथे रॅटच्या पांथरीतली पेशी माऊसच्या अर्बुदपेशीशी (कर्करोगाच्या पेशीशी) जोडलेली असते आणि ती संकरपेशी बाटलीत वाढत राहते. कारखाना अर्धा रॅट, अर्धा माऊस, प्रतिपिंड मात्र रॅटचं. 'अमक्यापासून मिळवलेलं' म्हटलं की शेळीच्या रक्तातलं आणि संकरपेशीतलं, दोन्ही प्रकार त्यात बसतात.

'रिसेप्टर'ला 'ग्राहक' नको, तो दुकानात गेला आहे. 'ग्राही' चांगला. पण 'पक्षी-पक्ष्याला' या चालीवर 'ग्राह्याला' करू नका, तिथे 'ग्राह्य' म्हणजे स्वीकारण्याजोगं असा भलताच शब्द उभा राहतो. 'हत्तीला' तसं 'ग्राहीला', 'ग्राहीवर'. सीडी४ काटेकोर अर्थाने सहग्राही आहे, टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशीच्या मुख्य ग्राहीला साथ देणारा. तुमच्या लेखात एकदा तसं सांगून पुढे 'ग्राही' म्हटलं तरी चालेल.

आणि 'पेशीच्या पृष्ठभागावरील' हे शब्द जागा वाचवायला गाळू नका. प्रतिपिंड हा मोठा रेणू आहे, जिवंत पेशीचं पटल ओलांडून तो सहसा आत जात नाही. पेशी बर्फावर ठेवतात तेही अंगावर बसलेलं प्रतिपिंड पेशीने आत ओढून घेऊ नये म्हणून. आतलं प्रथिन बघायचं तर पेशी आधी स्थिर करून पटलाला भोकं पाडावी लागतात, तो वेगळा प्रयोग झाला.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'लहान जातीच्या उंदराच्या, म्हणजे माऊसच्या, पांथरीतल्या पेशी वेगळ्या करून त्यांवर रॅटपासून मिळवलेलं प्रतिपिंड घातलं. हे प्रतिपिंड माऊसच्या पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी४ ग्राही ओळखतं.' दोन वाक्यं झाली, होऊ द्या. पुढच्या परिच्छेदांत 'सीडी४ ओळखणारं प्रतिपिंड' एवढंच पुरेल, रॅट पुन्हा आणावा लागणार नाही, फक्त दुसरं प्रतिपिंड आलं की तेवढ्यापुरता त्याला परत बोलवा.